बाळगोंडा अण्णा आणि माझं माउथपीस

बाळगोंडा अण्णांचं नाव कुणी काढलं की मी पटकन चहा मागवतो. चहा आला की माणसं विषय विसरतात, असा माझा अनुभव आहे. पण बेळगावात आणि तिकडे निपाणीच्या पट्ट्यात क्लॅरनेट वाजवणारी जी काही मोजकी माणसं उरली आहेत, ती चहा पिऊनही विसरत नाहीत. "अण्णांसारखा सूर परत ऐकला न्हाय बघा, मास्तर," असं माझ्याच तोंडावर म्हणतात. मी तीस वर्षं तेच वाद्य वाजवतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मी मान हलवतो. ती मान हलवताना मी काय लपवत असतो, ते एकदा लिहून टाकायचं ठरवलं आहे.

मी कॅम्पातला. वडील पलटणीच्या बँडमध्ये होते, त्यामुळे बाराखडीच्या आधी मला नोटेशन वाचता येत होतं. शाळेत संगीत शिकवायचो आणि लग्नसराईत दत्तूमामांच्या बँड कंपनीत पहिलं क्लॅरनेट वाजवायचो. पहिलं म्हणजे गाण्याची सुरुवात करणारं, ज्याच्याकडे बघून बाकीचे घुसतात ते. माझ्याकडे फ्रान्सचं माउथपीस होतं. क्लॅरनेटचा जो काळा, चोचीसारखा भाग ओठांत धरतात आणि ज्यावर वेताची पातळ पत्ती बांधतात, तो. मेव्हण्यानं परदेशातून आणलेलं, निळ्या मखमलीच्या डबीत ठेवलेलं. ती डबी मी वाजवण्याआधी चारचौघांसमोर जरा सावकाशच उघडायचो.

उचगावच्या एका लग्नात आमचा दुसरा वादक तापानं आडवा झाला, म्हणून दत्तूमामांनी निपाणीजवळच्या खेड्यातून एक माणूस बोलावला. पहिल्या बसनं आला. साठीकडे झुकलेला, पांढरा लेंगा, टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीत वाद्य, एक पेरू आणि पाण्याची बाटली. आमच्या बँडचा लाल कोट त्याच्या पोटावर बसेना, तेव्हा बटणं उघडी ठेवूनच उभा राहिला. मी त्याला दुसऱ्या क्लॅरनेटची सुरावट समजावून सांगितली. त्यानं "व्हय, व्हय" म्हणत सगळं ऐकून घेतलं. मग मी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला तो माझ्या खालून आत आला.

तो आवाज कसा होता हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगायची फारशी इच्छाही नाही. माझा आवाज मांडवापर्यंत जात होता. त्याचा मांडवापलीकडच्या उसातून परत येत होता. हळदीच्या हातांनी इकडेतिकडे पळणाऱ्या बायका थांबल्या. गाणं संपल्यावर दत्तूमामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या गाण्याची सुरुवात तुमीच करा, अण्णा." एवढ्यानंच काम झालं. मी पहिल्याचा दुसरा झालो.

बाळगोंडा अण्णा जैन शेतकरी. घरी तंबाखूचं आणि थोडं उसाचं रान. बायकोशी कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि वाद्याशी दोन्ही. काही बिनसलं की "इर्ली बिड्री" म्हणायचे, म्हणजे असू द्या, सोडा. कोट बसेना तर इर्ली बिड्री, ढोलवाला ताल चुकला तर इर्ली बिड्री. नियमाला मात्र कडक. वरात कितीही उशिरा निघो, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. लग्नघरच्या आचाऱ्याला ते स्वतः जाऊन सांगायचे, "आमचं पान आधी वाढा बाबा, सूर्य थांबत न्हाय." क्लॅरनेटच्या भोकांवर झाकणं असतात, त्यांच्या आत चामड्याच्या नाहीतर माशाच्या कातडीच्या गाद्या असतात. अण्णांनी त्या सगळ्या काढून बुचाच्या बसवल्या होत्या. बूच कापून, घासून, एकेक गादी घरी केलेली. कातड्याला तोंडाची वाफ लावून देवाच्या पुढं वाजवायचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मी त्यांना म्हणालो, बुचाचा आवाज टकटकतो. ते म्हणाले, "टकटकतोय की. देव काय भैरा न्हाय, समजून घेतोय."

लोक त्यांच्याकडे यायचे ते मात्र माउथपीस घासून घ्यायला. सांगलीकडून, धारवाडकडून माणसं बस बदलत यायची. मीही गेलो. कौतुक म्हणून नाही, युक्ती कळावी म्हणून.

घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, खिडकीपाशी एक लाकडी पाट, त्यावर आरशाची जाड काच, काचेवर ओला पॉलिशपेपर. शेजारी डब्यात बसची जुनी तिकिटं. कंडक्टरच्या मशिनमधून निघणारा तो कागद फार पातळ असतो. माउथपीसची सपाट बाजू काचेवर ठेवली की टोकाकडे बारीक फट राहते. त्या फटीत अण्णा तिकीट सरकवायचे. जिथं अडेल तिथं नखानं खूण. उजवीकडे आणि डावीकडे तिकीट सारखंच आत गेलं पाहिजे. गवताच्या काडीएवढा फरक पडला तरी वाद्य चिरकतं.

मी विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. याचाही मला राग आला. माणसानं थोडं तरी लपवावं.

"ही फट बघा," ते म्हणाले. "मोठी ठेवली की वारं लई मागतीय, पर आवाज माळभर जातोय. बारीक केली की फुकायला हलकं, पर सूर नाकातनं. मग हा उतार. लांब असला की पत्ती सावकाश हलतीय, खालचे सूर गोड लागत्यात. आखूड केला की बोट उचललं की सूर सुटतोय, पर जरा उद्धट. आन् आतनं ही टाळू. उंच ठेवली की आवाज चमकतोय, वरातीला बरा. खोल केली की गूळ. बस्तीत, आमच्या देवळात, वाजवाय गूळ पायजे."

"आणि तुमचं कसं आहे?"

"माझं माझ्या दातांपरमाणं हाय." वरचा एक दात त्यांचा अर्धा तुटलेला होता आणि माउथपीसच्या पाठीवर त्याची खाच पडली होती.

मग त्यांनी माझं फ्रान्सचं बघायला मागितलं. मी डबी उघडली. त्यांनी पत्ती बांधली, खालचं भोक तळहातानं बंद केलं आणि टोकाकडून हवा ओढली. माउथपीस नीट असेल तर पत्ती चिकटून बसते आणि चार-पाच मोजेपर्यंत सुटत नाही. माझी लगेच सुटली. टप्. बाहेर ओट्यावर धारवाडचे दोघं नंबर लावून बसले होते, त्यांनी ऐकलं.

"पाट वाकलाय," माउथपीसच्या सपाट बाजूवर बोट फिरवत अण्णा म्हणाले. "डाव्या अंगानं गळतंय. दोन हात मारून देऊ काय?"

काचेवर दोनदा ओढणं म्हणजे दोन हात. तिसरा ते सहसा मारत नसत. दोन हात, मग तिकीट, मग फुंकून बघायचं. "घासल्यालं परत येत न्हाय," असं प्रत्येकाला सांगायचे. मी डबी बंद केली आणि म्हणालो, फ्रान्सच्या कारखान्यात त्यांना कळतं काय करायचं ते. अण्णा हसले. निघताना मी त्यांना एक गाणं वाजवून दाखवलं, नोटेशनबरहुकूम, एक सूर इकडेतिकडे नाही. ते म्हणाले, "तुमचा सूर लई शहाणा हाय, मास्तर. जरा येडा होऊ द्या की."

हे वाक्य घेऊन मी बसमध्ये बसलो आणि बेळगावपर्यंत मला बाहेरचं काही दिसलं नाही.

पुढचं वर्ष मी त्यांच्या माउथपीसची नक्कल करण्यात घालवलं. ते जेवायला बसले की मी फट मोजायचो. गॅरेजमधून मापाची पाती आणली होती. मोबाईलवर टाळूचे फोटो काढले. पुण्याच्या एका कारागिराकडून हुबेहूब तसंच करून घेतलं, तीच फट, तोच उतार, तीच टाळू. खोलीचं दार लावून वाजवलं. माझाच आवाज आला. जरा मोठा झालेला, पण माझाच. मला खात्री पटली की या माणसानं एक गोष्ट माझ्यापासून लपवून ठेवली आहे.

मग तो कार्यक्रम ठरला. बेळगावातल्या एका संगीत मंडळाला क्लॅरनेटचा एकल कार्यक्रम करायचा होता. सभागृहात, खुर्च्यांवर बसून ऐकणाऱ्या लोकांसमोर. आमच्यासारख्यांना लोक चालताना ऐकतात, जेवताना ऐकतात, फटाके वाजताना ऐकतात. बसून कुणी ऐकत नाही. वीस वर्षं मी पोरांना प्रार्थनेची चाल शिकवत आलो होतो, आणि आयुष्यात एकदा तरी लोकांनी गप्प बसून मला ऐकावं एवढंच मला हवं होतं. मंडळाचे लोक वडगावातल्या एका सकाळच्या मिरवणुकीला येऊन आमच्या कंपनीतला वादक निवडणार होते. दत्तूमामांनी मला आणि अण्णांना एकेक गाणं सुरू करायला सांगितलं.

मिरवणुकीआधी अण्णा पिशवी ओट्यावर ठेवून देवळात दर्शनाला गेले. माझ्या खिशात पॉलिशपेपरचा तुकडा होता. तो योगायोगानं खिशात होता असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. मी त्यांचं माउथपीस काढलं, पेपर ओट्याच्या फरशीवर ठेवला आणि सपाट बाजू त्यावर फिरवली. गोल गोल, पाच-सहा वेळा, मुद्दाम एका कडेवर जोर देऊन. शर्टाला पुसलं आणि परत ठेवलं. या सगळ्याला पेरू खायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

माझं गाणं आधी झालं. चांगलं झालं. मंडळाचे लोक माना डोलावत होते. मग अण्णांनी वाद्य तोंडाला लावलं आणि ते किंचाळलं. त्यांनी ओठ बदलला, पुन्हा फुंकलं, पुन्हा चिरकलं. रस्त्यावरची दोन पोरं हसली. अण्णांनी माउथपीस काढून उन्हात तिरकं धरलं. त्यांचे स्वतःचे घासण्याचे हात नेहमी उभे असायचे, चोचीच्या दिशेनं. आता तिथं गोल ओरखडे होते. ते त्यांनी पाहिले, हे मी पाहिलं. ते सगळ्यांसमोर काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो.

ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं देतासा काय घटकाभर?"

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. मी माझं काढून दिलं. तेच फ्रान्सचं, डाव्या अंगानं गळणारं, ज्याची फट, उतार, टाळू सगळं त्यांच्या दातांच्या विरुद्ध. अण्णांनी एक सूर लावून बघितला, हनुवटी जराशी डावीकडे दाबली, आणि गाणं सुरू केलं.

त्यातून अण्णांचाच आवाज आला.

जितकी वर्षं मी त्यांना ऐकत होतो, तितकी वर्षं मी मनाशी म्हणत होतो की ते माउथपीस वाजतंय, माणूस नाही. माझ्याकडे ते असतं तर मीही वाजलो असतो. वडगावच्या त्या रस्त्यावर माझ्याच माउथपीसनं माझा तो आधार काढून घेतला. गाणं झाल्यावर अण्णांनी ते लेंग्याला पुसून मला परत दिलं आणि हळूच म्हणाले, "डावीकडं अजून गळतंय बघा."

कार्यक्रम अर्थात त्यांना मिळाला. त्यांचं माउथपीस दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. त्यांनी नवीन घडवलं. कार्यक्रम संध्याकाळचा होता, म्हणून अण्णा दुपारीच जेवून आले. मी चौथ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या, कारण नसत्या वाजवल्या तर दिसलं असतं.

नंतर करोनात लग्नं थांबली, बँड थांबले. अण्णांचे वरचे दात गेले आणि दातांबरोबर वाजवणंही गेलं. ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग तीन रात्री झोप आली नाही. तरी त्यांच्याकडे जायला मला आणखी चार वर्षं लागली. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा सकाळीच गाडी काढली आणि गेलो.

ते सोप्यात बसले होते. काच तीच, तिकिटं तीच. वाजवत नसले तरी इतरांची माउथपीस घासून देतच होते. अण्णांच्या बायकोनं, अक्कांनी, पाणी दिलं. त्या आत जायची वाट बघितली आणि मी सांगितलं. प्रस्तावना बरीच तयार केली होती, ती सगळी विसरलो. "अण्णा, वडगावला तुमचं माउथपीस मी घासलं होतं."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "गोल हात मारलतासा."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

त्यांनी काच पुसायला घेतली. "मी बी केलतो," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी निपाणीच्या एका बँडमध्ये ते दुसरं क्लॅरनेट वाजवायचे. पहिला होता सदाशिव, वडगावचा विणकर. "त्याच्यावानी मला आजतागायत जमलं न्हाय," अण्णा म्हणाले. "तो फुकायचा आन् मला वाटायचं, आपुन हे सोडून तंबाखूच लावावा." एका पंचकल्याणकाच्या, म्हणजे जैनांच्या मूर्तिप्रतिष्ठेच्या, मिरवणुकीआधी त्यांनी सदाशिवचं माउथपीस बस्तीच्या दगडी पायरीवर घासलं. सदाशिवनं तोंडाला लावलं, ते किंचाळलं. लोक हसले. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. वाद्य पेटीत घातलं, घरी गेला, माग चालवायला बसला आणि पुन्हा कधी वाजवलं नाही.

"त्यानं तवा माझं मागितलं असतं तर मी दिलो असतो, मास्तर. देऊन मोकळा झालो असतो. त्यानं मागितलंच न्हाय. म्हणून मी तुमच्याकडं मागितलो."

"आणि हे घासायचं काम?"

"त्याच्यानंतरच शिकलो. त्याचं नीट करून द्यावं म्हणून. पर घासल्यालं परत येत न्हाय."

अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी उदात्त यायला हवं. माझ्या मनात आलं ते असं, की या माणसालाही कुणाचा तरी हेवा वाटला होता, आणि तो माझा नव्हता. मी इतकी वर्षं त्यांच्यावर जळत राहिलो, आणि ते जळत राहिले कुणा सदाशिववर, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या विणकराचा मत्सर वाटला. मग एक प्रश्न सुचला. तो मी चांगुलपणानं विचारला नाही, तेही इथं लिहून ठेवतो.

"तुम्ही त्यांना हे सांगितलंय?"

"न्हाय."

म्हणजे एका गोष्टीत मी अण्णांच्या पुढे होतो. मी आलो होतो. ही एवढीच बाजी मी त्यांच्यावर मारली, आणि समोर बसलेल्या त्या दात गेलेल्या माणसाकडे बघून मला त्यातला तिळभरही आनंद घेता आला नाही.

अण्णांनी काच भिंतीला टेकवून ठेवली. टोपी घातली. "तुमी बेळगावलाच जाणार न्हवं?" त्यांनी विचारलं. "मला वडगावात सोडतासा?"

वडगावात दोन ठिकाणी विचारून आम्ही सदाशिवचं घर शोधलं. आत यंत्रमाग चालू होते, दारात उभं राहून हाक मारली तरी ऐकू गेलं नसतं. मी म्हणालो, आत जाऊन बोलावून आणतो. अण्णा म्हणाले, "नगा. थांबू दे त्येंचं." चपला काढून ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी गाडीत बसलो.

जेवणाच्या वेळेला माग थांबले. आतून एक म्हातारा आला. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. अण्णांनी हात जोडले आणि बोलायला लागले. मला शब्द ऐकू येत नव्हते. दोन-तीन वाक्यांच्या वर ते नव्हतं. म्हातारा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अण्णांचं बोलणं संपल्यावर तो वळून आत गेला. थोड्या वेळानं माग पुन्हा सुरू झाले. एवढ्यात त्याचं जेवण झालं असेल असं मला वाटत नाही.

मी उतरून जवळ गेलो. "अण्णा, चला. घरी सोडतो."

"तुमी जावा, मास्तर. मला येळ लागंल," ते म्हणाले. "मी बस धरून जातो."

माझ्यासाठी त्यांना क्षणभरही लागला नव्हता. पिशवीतून माउथपीस काढावं तसं त्यांनी मला माफ करून टाकलं होतं, आणि मी ते खिशात घालून इतकी वर्षं गप्प बसलो होतो. महिन्याभरानं अक्कांच्या भाच्याचा फोन आला, अण्णा गेले म्हणून. त्या दिवशी वडगावात पुढे काय झालं, हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. सदाशिवच्या दारात जाऊन विचारण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मला माहीत आहे ते गाडी वळवताना दिसलं तेवढंच. अण्णा उन्हात अनवाणी उभे होते, टोपी काढून हातात घेतलेली. आत माग धडधडत होते. म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं नव्हतं.